पर्वरीत वरच्या मजल्यावर १२ बाय १२ची खोली : एसी १ टन की दीड टन?

मांडवीपार (धागाकर्ता)
गोव्यात पर्वरीला चौथा, म्हणजे सगळ्यात वरचा मजला. दोन्ही बेडरूम १२ बाय १२ फूट, उंची साडेनऊ फूट. एका खोलीची बाहेरची भिंत थेट पश्चिमेला, तिला ५ बाय ४ची साधी काचेची खिडकी. वर उघडा स्लॅब, पत्रा नाही. दुकानदाराचं म्हणणं : "वरचा मजला आहे, दीड टनाखाली जाऊ नका."

पण याच इमारतीत खालच्या तीन मजल्यांवर सगळ्यांकडे दीड टनच आहे आणि तक्रारही सगळ्यांची एकच. मे महिन्यात छान, पावसात खोली गार पण चिकट. चादर ओलसर लागते, कपाट उघडलं की कुबट वास. एवढा मोठा एसी असून हे का? मग २ टन घ्यायचा का? आणि थोडे पैसे टाकले तर हॉट अँड कोल्ड मिळतोय, तो घ्यावा का?

दवबिंदू
हॉट अँड कोल्ड नको. पणजी-पर्वरीत जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा २०च्या आसपास असतो, हीटर लावणार कधी? २ टन तर मुळीच नको, तक्रार वाढेल. १ टन इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) घ्या.

एसी दोन कामं करतो. हवेतली उष्णता उतरवतो, त्याला आमच्या धंद्यात सेन्सिबल म्हणतात. आणि हवेतलं पाणी काढतो, ते लेटंट. डब्यावर लिहिलेला टन हा दोन्हींचा मिळून आकडा. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, म्हणजेच साडेतीन किलोवॅट. त्यातले पाणी काढायला किती, हे ना दुकानदार सांगतो, ना गिऱ्हाईक विचारतं.

आता मे आणि जुलै शेजारी ठेवा. मेच्या दुपारी बाहेर ३३ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के धरली, तर एक किलो हवेत पाणी भरतं २०.८ ग्रॅम. जुलैत संततधार लागलेली असताना २७ अंश आणि ९० टक्के धरले, तर २०.३ ग्रॅम. म्हणजे पाणी जवळपास तेवढंच. आत २५ अंश आणि ५५ टक्के हवे असतील, तर किलोमागे १०.९ ग्रॅमच चालतात. दोन्ही महिन्यांत साडेनऊ-दहा ग्रॅम काढायचेच आहेत. उष्णता मात्र मेमध्ये भरपूर आणि जुलैत नावाला.

गोची अशी की थर्मोस्टॅट फक्त तापमान बघतो. जुलैत २७चे २५ करायला दीड टनाच्या मशीनला पाच-सात मिनिटं पुरतात, की कॉम्प्रेसर बंद. कोरडी कॉइल (आतल्या युनिटमधली गार नळ्यांची जाळी) ओली होऊन पहिला थेंब ड्रेनमध्ये पडायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. कॉइलवर जमलेलं पाणी तिथेच राहतं, आतला पंखा चालूच असतो, आणि ते पाणी पुन्हा खोलीच्या हवेत जातं. गारवा मिळाला, पाणी निघालंच नाही.

टनभर
दवबिंदूबाब, कागदावर सगळं बरोबर. पण वरच्या मजल्याचा पश्चिमेचा स्लॅब मेमध्ये संध्याकाळी सातला तव्यासारखा तापलेला असतो. १ टन बसवला की रात्री दहाला फोन येतो, "थंड होईना, मशीन बदलून द्या." जुलैत कुणी फोन करत नाही. लोक धरूनच चालतात की पाऊस आहे, दमट असणारच. म्हणून विकणारा दीड देतो. त्याची बाजूही समजून घ्या.

दवबिंदू
फोनचा मुद्दा सोळा आणे खरा. म्हणून मेचा आकडा मांडूनच बघू. हीच खोली, संध्याकाळ, बाहेर ३३, आत २५ (गुणाकार असा : क्षेत्रफळ × त्यातून उष्णता किती सहज आत येते तो आकडा × तापमानाचा फरक) :

छत : १३.४ चौ. मी. × ३.३ × २० = ८८५ वॅट
पश्चिमेची भिंत : ८.८ × २ × १२ = २१० वॅट
खिडकीची काच, तापमानाच्या फरकामुळे : १.८ × ६ × ८ = ८५ वॅट
तीच काच, उन्हामुळे, आत फिकट पडदा धरून : ५४० वॅट
बाकीच्या तीन भिंती आणि दार : २२० वॅट
दोन माणसं : १५० वॅट
टीव्ही, दिवा, पंखा : १५० वॅट
फटींतून येणारी हवा : ५० वॅट

सेन्सिबल झालं २,२९० वॅट. लेटंटमध्ये माणसांचे ११० आणि फटींतल्या हवेचे १६० मिळून २७०. एकूण २,५६० वॅट, म्हणजे ०.७३ टन. छताच्या ओळीतला २० हा साध्या तापमानाचा फरक नाही. ऊन खाऊन स्लॅब तापतो, तो हिशोबात घेऊन धरलेला फरक आहे. भिंतीच्या १२चंही तसंच. आणि काचेवरचं ऊन पाचच्या सुमाराला सर्वांत कडक, तर स्लॅबची उष्णता आत पोचते सातनंतर. दोन्ही एकदम धरलेत, म्हणजे आकडा मुळातच थोडा चढा आहे.

कॅटलॉगमधली क्षमता मोजतात ती बाहेर ३५, आत २७ कोरडा आणि १९ ओला बल्ब (साध्या आणि ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचे आकडे) या परिस्थितीत. तुम्ही आत २४-२५ ठेवणार, तर मशीन थोडं कमी देतं. त्यासाठी १० टक्के वाढवा : ०.८ टन. १ टनात बसलं.

आता तीच खोली जुलैत, बाहेर २७, आभाळ भरलेलं. सेन्सिबल सगळं मिळून ६९० वॅट, लेटंट २६०. एकूण ९५० वॅट, पाव टनाच्या जरा वर. खरी परीक्षा इथे आहे. दीड टनाचा इन्व्हर्टर साधारण ३० टक्क्यांपर्यंत उतरतो असं धरलं, तरी तो १,५७५ वॅटवर थांबतो. तुम्हाला हवेत ९५०. म्हणजे इन्व्हर्टर असूनही तो बंद-चालू होत राहणार. १ टनाचा १,०५० पर्यंत उतरतो, तो जवळपास सलग चालेल. खरेदीच्या वेळी 'किमान ते कमाल क्षमता' ही ओळ बघा. मॉडेलगणिक फार फरक असतो, आणि स्टारच्या स्टिकरवर ती ओळ ठळक नसते. किमान आकडा १ किलोवॅटच्या जितका खाली, तितकं गोव्यात चांगलं.

रात्री दहाच्या फोनवर उपाय मशीनचा नाही, स्लॅबचा आहे. ८८५ वॅट एकट्या छताचे आहेत. वर ५० मिलिमीटर एक्सपीएसचे (कडक फोमचे) तक्ते, त्यावर स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) आणि पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक केलं की ते १३५ वर येतात. एरवी गळतीसाठी गच्चीवर पत्र्याची शेड घालतातच. तीही स्लॅबवरचं ऊन अडवते, फक्त बाजू उघड्या ठेवा म्हणजे पत्र्याखालची गरम हवा निघून जाते. सोसायटीत चार फ्लॅटवाल्यांनी मिळून केलं तर चौघांनाही लहान मशीन पुरतं.

आणि मेमध्ये झोपायला दहाला जायचं असेल, तर एसी नऊला लावा. दिवसभर स्लॅबने साठवलेली उष्णता अर्ध्या तासात उतरत नाही, मग मशीन कितीही टनाचं असो.

सुपरहीट
वरच्या हिशोबाशी सहमत, पण एक पुरवणी. "इन्व्हर्टर सलग चालतो म्हणजे पाणी निघतंच" असं नाही. वेग उतरला की कॉइलचं तापमान वर चढतं. २५ अंश, ५५ टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे हवेतलं पाणी थेंब होऊन जमू लागतं ते तापमान, १५.३. कॉइल १६-१७ वर जाऊन बसली, तर ती हवा गार करेल पण तिच्यावर थेंबही जमणार नाही. ड्रेन कोरडा आणि वीजबिल कमी, म्हणून मालक खूश. पंधरा दिवसांनी चपलांना बुरशी.

म्हणून पावसाळ्यात आतला पंखा 'लो' वर ठेवा. कमी हवा म्हणजे जास्त थंड कॉइल. नेहमीचा हिशोब टनामागे ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवेचा असतो. आपल्या किनाऱ्यावर डक्टचं काम करताना ३२०-३५० धरलेलं बरं. त्याच्याही फार खाली गेलात तर कॉइलवर बर्फ धरेल, आणि वितळला की इनडोअरमधून पाणी भिंतीवर.

ड्राय मोड हाच प्रकार करतो : पंखा हळू, कॉम्प्रेसर थोडा-थोडा वेळ. जुलैच्या दुपारी चांगला चालतो. काही मॉडेलमध्ये त्या वेळी तापमान तुमच्या हातात राहत नाही, खोली २२ पर्यंत जाते, मग पांघरूण शोधावं लागतं.

सेट २६ वर आणि वर छताचा पंखा, हे २३ पेक्षा आरामशीर वाटतं. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे रूम एसीचं कारखान्यातलं डिफॉल्ट सेटिंग २४ आहे. ते डिफॉल्ट आहे, नियम नाही. वर न्यायला काही हरकत नाही.

मांडवीपार
पडदा, पंखा, टन सगळं कळलं. पण खालच्यांचा चिकटपणा नक्की मोठ्या मशीनचाच की आणखी काही, हे ओळखायचं कसं?

दवबिंदू
बादली. ड्रेन पाइप बादलीत सोडा आणि रात्रीचे सहा तास मोजा. तासाला १ लिटर पाणी म्हणजे ०.६८ किलोवॅट लेटंट. सोबत एक साधं आर्द्रता मीटर उशाशी, एसीच्या झोताखाली नाही. मशीन लावल्यापासून पहिले दोन-तीन तास धरू नका. गादी, पडदे, कपडे सगळे साठलेलं पाणी सोडत असतात.

बंद खोलीत दोन माणसं असतील, तर तासाला ०.४ लिटरच्या आसपास यायला हवं. त्याहून खूप कमी आणि मीटर ६५च्या वर, तर मशीन मोठं किंवा पंखा जोरात. खूप जास्त आणि तरी मीटर ६५च्या वर, तर बाहेरची हवा आत येतेय.

मांडवीपार
दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे लावली. खोली अगदी तीच, १२ बाय १२, दोन माणसं, दीड टन इन्व्हर्टर, सेट २४. रात्री अकरा ते पाच, सहा तासांत १२ लिटर! मीटर ६८ टक्के.

दवबिंदू
तासाला २ लिटर. दोन माणसांचे १६० ग्रॅम वजा केले तर उरले १,८४० ग्रॅम. आतल्या नि बाहेरच्या हवेत घनमीटरमागे साधारण ९ ग्रॅमचा फरक. म्हणजे तासाला दोनशे घनमीटरपेक्षा जास्त बाहेरची हवा त्या खोलीत येतेय. खोली आहे ३९ घनमीटरची. तासाला पाच वेळा हवा बदलतेय. खिडकीच्या फटींनी एवढं होत नाही.

अटॅच्ड बाथरूमचा एक्झॉस्ट रात्रभर चालू असतो का? ६ इंची पंखा तासाला दोनशे-अडीचशे घनमीटर सहज ओढतो. तो बाथरूममधून ओढतो, बाथरूम दाराखालच्या फटीतून बेडरूममधून ओढतं, आणि बेडरूम हॉलमधून. हॉलच्या खिडक्या उघड्या.

मांडवीपार
चालूच असतो. "बाथरूमला बुरशी येते म्हणून" रात्रंदिवस! काल बंद ठेवून पुन्हा मोजलं : सहा तासांत साडेतीन लिटर, मीटर ६२. पण आता कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो, आधी थांबत नव्हता.

सुपरहीट
हेच अपेक्षित होतं. आधी बाहेरच्या हवेचं ओझं होतं, म्हणून दीड टन सलग चालत होता. ओझं गेलं आणि मशीनचा मोठेपणा उघडा पडला. ५५ वर यायला त्यांना पंखा 'लो' करावा लागेल, नाहीतर छोटा डीह्युमिडिफायर ठेवावा लागेल. 'दिवसाला २० लिटर' असं लिहिलेलं यंत्र ३० अंश आणि ८० टक्क्यांना मोजलेलं असतं. २५-५५च्या खोलीत त्याचे निम्मे मिळाले तरी पुष्कळ. आणि ते स्वतः खोलीत अर्धा किलोवॅटच्या आसपास उष्णता सोडतं. इथे गंमत अशी की ती उष्णता एसीला सलग चालायला भाग पाडते, त्यामुळे मोठ्या मशीनच्या खोलीत हा जोड चांगला जमतो. वीज मात्र दोघांची भरायची.

बाथरूमसाठी टायमर : अंघोळीनंतर २० मिनिटं पुरे.

अवांतर : पावसात एसीच्या खोलीत दोरी बांधून कपडे वाळत घालतात. मशीनमधून पिळून निघालेल्या एका मोठ्या घाण्यात दोनेक लिटर पाणी असतं. ते रात्रभरात एसीलाच काढायचं असतं, म्हणजे आणखी दीड माणसाचं सेन्सिबल-लेटंट सगळं मिळून जेवढं ओझं, तेवढं. कपडे हॉलमध्ये पंख्याखाली घाला.

कौलारू
जुन्या घराचं काय? साळगाव बाजूचं चिरेबंदी घर, मंगळुरी कौलं, खाली छत नाही, थेट वासे दिसतात. खोली ५ मीटर बाय ४, सरासरी उंची साडेचार मीटर. खिडक्या लाकडी, जुन्या शिंपल्यांच्या तावदानांच्या, त्या काढायच्या नाहीत. होमस्टेसाठी एसी करायचा आहे. दोन टनाचा कोटेशन आलाय.

दवबिंदू
२ टन बसवाल तरी बाहेरचं अंगण गार कराल. कौलांची रचनाच हवा जाऊ देण्यासाठी आहे, आणि एसीविना ती उत्तम आहे. तासाला चार वेळा हवा बदलते असं धरू, वारा असेल तर जास्तच. ९० घनमीटरच्या खोलीत ते झाले सेकंदाला १०० लिटर. सेन्सिबल ९७० वॅट, लेटंट २,९७० वॅट. म्हणजे १.१ टन निव्वळ कौलांतून येणाऱ्या हवेसाठी, त्यातला तीन चतुर्थांश नुसतं पाणी.

आधी ३ मीटरवर छत घाला. गळतीचा इतिहास असेल तर साधं जिप्सम नको, कॅल्शियम सिलिकेट किंवा सिमेंट बोर्ड घ्या. सांधे टेप आणि फिलरने बंद. वर ५० मिलिमीटर ग्लासवूल, फॉइलची बाजू वर, म्हणजे दमट हवेच्या बाजूला. ही बाजू उलटी घातली की लोकर ओली होऊन छतावर डाग पडतात, आणि मग दोष कौलं बदलणाऱ्या माणसाला. छताच्या वरची पोकळी कौलांतून श्वास घेत राहू द्या, तिला बंद करू नका. दिव्यांसाठी पाडलेली भोकं हा सगळ्यात मोठा चोरदरवाजा. बंद पाठीचे दिवे घ्या नाहीतर भिंतीवर दिवे लावा.

एवढं केल्यावर तासाला ०.७ वेळा धरा. ६० घनमीटरला सेकंदाला १२ लिटर येतात, आणि ते १.१ टन ०.१३ वर उतरतात. मग ती खोली १ टनात होते. शिंपल्यांची तावदानं राहू द्या, आतून सरकती काच लावा.

चिरेबंदी
याच्याच जोडीला : चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते. बाहेरून चांगला गिलावा आणि रंग हवा, आतून श्वास घेणारा साधा रंग. होमस्टेवाले हौसेने बाहेरच्या भिंतीला आतून व्हिनाइल वॉलपेपर लावतात. थंड प्रदेशात बाष्प आतून बाहेर जातं, आपल्याकडे एसीच्या खोलीत ते बाहेरून आत येतं. व्हिनाइल त्याला नेमकं थंड बाजूला अडवतं. एका पावसाळ्यात कागदामागे काळी बुरशी, वरून दिसत नाही, वास मात्र येतो. कागद हवाच असेल तर आतल्या पार्टिशन भिंतीला.

आणि पार्टिशनचंही एक. बेडरूम २२ वर, पलीकडे उघडा हॉल २७ अंश, ९० टक्के. साडेचार इंची भिंतीची हॉलकडची बाजू साडेपंचवीसच्या आसपास येते आणि हॉलमधल्या हवेचा दवबिंदू २५.२. त्या बाजूला कपाट टेकवलं असेल तर मागे हवा फिरत नाही, कपाटाची पाठ बुरशीने भरते. कपाट चार बोटं पुढे ओढा आणि सेट २५च्या खाली नेऊ नका. कित्येक घरांत "गळती" म्हणून भिंत फोडतात ती गळती नसतेच.

रांदपकूड
रेस्टॉरंटसाठी कुणी सांगेल का? म्हापशात ६० जणांचं बसणं, ९० चौ. मी., हॉलला ८ टन बसवले तरी जुलैत टेबलं चिकट, काचेला बाहेरून पाणी. स्वयंपाकघरात चुलींवर धूर ओढणारा हुड आहे, त्याचा एक्झॉस्ट १,५०० सीएफएम.

दवबिंदू
हुडला बाहेरची हवा वेगळी देणारा पंखा आहे का? मला वाटतं नसावा. १,५०० सीएफएम म्हणजे सेकंदाला ७०८ लिटर. तेवढी हवा कुठून तरी यायलाच हवी, आणि ती दरवाजातून येऊन तुमच्या हॉलमधून स्वयंपाकघरात जाते. मेच्या हवेने लेटंट २१ किलोवॅट, सेन्सिबल ७. एकूण ८ टन. तुमचे आठच्या आठ टन हुडमधून धुरासोबत वर जाताहेत. ६० माणसांचं ओझं फक्त पावणेतीन टन आहे.

खात्री करायची तर उदबत्ती पेटवून मुख्य दाराच्या फटीशी धरा. धूर आत ओढला जात असेल तर हेच.

उपाय : हुडच्या पुढच्या ओठातून एक्झॉस्टच्या ८० टक्के हवा बाहेरूनच द्या, गार न करता, फक्त फिल्टर लावून. उरलेली २० टक्के, सेकंदाला १४२ लिटर, हॉलमधून जाऊ द्या, म्हणजे मसाल्याचा वास हॉलमध्ये येत नाही. हॉलला माणसांच्या आणि जागेच्या हिशोबाने सेकंदाला ३१० लिटर ताजी हवा लागते. ती दारातून नव्हे, कॉइलमधून, कोरडी करून सोडा. त्याला साडेतीन टन लागतील. मग आत येणारी हवा जाणाऱ्यापेक्षा जास्त राहते आणि दार उघडलं की हवा बाहेर ढकलली जाते. एकूण हिशोबात काच, दिवे, गरम ताटं मिळवून तुमचे ८ टन पुरावेत, पण त्यातला निम्म्याच्या जवळपास भाग ताज्या हवेच्या मशीनला द्यायचा, सगळा कॅसेटमध्ये (हॉलच्या छतातल्या एसीत) नाही.

रांदपकूड
पंखा नाही, हुड तेवढाच. उदबत्तीचा धूर सरळ आत आला. देव बरें करूं.

सुपरहीट
मेकअपचा, म्हणजे हुडला बाहेरची हवा देणारा, पंखा हुडच्या स्विचलाच इंटरलॉक करा. नाहीतर आचारी "गरम हवा येते" म्हणून तो बंद करतात.

धाग्यात वर हीटिंगचा विषय होता म्हणून : गोव्यात इमारत तापवायची गरज नाही, पाणी तापवायची आहे. हॉटेलात १,००० लिटर पाणी २७ वरून ५५ अंशांवर न्यायला साडेबत्तीस युनिट उष्णता लागते. गीझरने तेवढंच बिल, हीट पंपाने सीओपी साडेतीन (एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता) धरला तर सव्वानऊ युनिट. चिलर किंवा व्हीआरएफ (अख्ख्या इमारतीचा मोठा एसी) दिवसभर चालत असेल, तर त्याची फेकून दिली जाणारी उष्णता टाकीत घ्या, तेवढीही लागणार नाही. गीझरचे पैसे वाचवायला हॉट अँड कोल्ड स्प्लिट उपयोगाचा नाही, ते वेगळं यंत्र.

खारावारा
टनाचा हिशोब झाला, आता तो टन तीन वर्षांनी उरावा म्हणून. कळंगुट, कोलवा, मिरामार, वास्को या पट्ट्यात आउटडोअरचे ॲल्युमिनियमचे फिन (कॉइलवरच्या पातळ पट्ट्या) आधी पांढरे होतात आणि मग बोटाने चुरतात. फिन गेले की १ टनाचं मशीन पाऊण टनाचं होतं आणि लोक म्हणतात "गॅस कमी झाला". निळ्या रंगाचे फिन म्हणजे गंजापासून पूर्ण संरक्षण नव्हे. समुद्र दिसत असेल तर पूर्ण कॉइलवर इपॉक्सी लेप मागून घ्या, बसवण्याआधी. वर्षभराने फवारलेला लेप मिठावरच बसतो.

महिना-दीड महिन्याने गोड्या पाण्याने, साध्या नळीने, आतून बाहेर धुवा. प्रेशर वॉशरने फिन वाकतात. पावसाळ्यात पाऊसच धुतो, पण भिंतीच्या सावलीतल्या मशीनला तोही लागत नाही.

तोंड नैर्ऋत्येला ठेवू नका. जून-जुलैचा वारा पंख्यावर उलटा येतो. डक्टच्या अरुंद शाफ्टमध्ये सहा आउटडोअर एकावर एक लावले, तर वरच्याला खालच्यांची गरम हवा मिळते आणि मग तुमचे काढलेले ०.८ टन कागदावरच. समोर निदान दोन फूट मोकळे.

ब्रॅकेट गॅल्व्हनाइज्ड असला तरी चालेल, पण नटबोल्ट ३१६ स्टेनलेस. ब्रॅकेट गंजतो तो भोकापाशी.

टनभर
मागे हटतो. १ टन, पण लेखी द्या की छताला काहीतरी कराल. नाहीतर मेमध्ये फोन मलाच.

मांडवीपार
दोन्ही खोल्यांना १ टन, किमान क्षमता ०.९ किलोवॅट लिहिलेलं मॉडेल मिळालं. गच्चीवर शेडला सोसायटी तयार आहे, बाजू उघड्या ठेवून. शेवटचा प्रश्न : पाइप खिडकीवरून हॉलमधून बाल्कनीत जाणार, हॉलला एसी नाही. काही काळजी?

सुपरहीट
हॉलमधला पाइप जुलैत घाम सोडतो. ९ मिलिमीटरचं काळं नळीवजा इन्सुलेशन मशीनसोबत येतं, ते पुरत नाही. दोन्ही पाइपांना वेगवेगळं, १९ मिलिमीटरचं नायट्राइल रबर, सांधे चिकटवून. वरून टेप घट्ट आवळू नका, दाबलं की जाडी गेली. ड्रेन पाइपलाही हॉलमध्ये ९ मिलिमीटर हवं, त्यातलं पाणीही गार असतं. उतार मीटरला निदान १ सेंटिमीटर, मध्ये कुठेही झोळ नको, आणि शेवटचं टोक गटारात बुडवू नका.

जोडणी झाल्यावर पाइप व्हॅक्युम पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत (हे निर्वाताचं माप) खेचून दहा मिनिटं थांबायला सांगा, काटा वर चढता कामा नये. "थोडा गॅस सोडून हवा काढतो" म्हणणाऱ्याला परत पाठवा : आर-३२ पेट घेणारा गॅस आहे, आणि आपल्या हवेतलं जे पाणी पाइपात राहतं ते कॉम्प्रेसरच्या तेलात जाऊन बसतं.